भिंतीतला शॉवरचा जॉइंट गळत असेल तर या चुका टाळा

कोकणात भिंतीवर ओल दिसली की दोष पावसाला देण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की न्हाणीघराच्या भिंतीत गळणारा शॉवरचा जॉइंट कित्येकदा वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही. सर्वांत महाग पडणारी चूक हीच, की गळतीची जागा ठरण्याआधी रंगवाल्याला बोलावले जाते.

गुहागरकडचे एक चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे घर मला आठवते. मालक मुंबईला, येणे गणपतीला आणि मे महिन्यात. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत गणपतीत ओल येई, म्हणून त्यांनी बाहेरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून घेतले, तरी ओल होती तिथेच राहिली. मे महिन्यात भिंत कशी असते, एवढेच मी विचारले. तेव्हाही ओलीच असते, असे वहिनींनी सांगितले आणि निदान तिथेच झाले. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळापासून, म्हणजे मिक्सरपासून वर शॉवरकडे जाणाऱ्या पाइपावर टाकीचा दाब फक्त शॉवर चालू असताना येतो, म्हणून तिथला जॉइंट घरात माणसे असली तरच गळतो. सगळे नळ बंद करून रात्रभर टाकीची पातळी पाहणारे याच कारणाने फसतात.

यासाठी शॉवरचा आर्म, म्हणजे भिंतीतून बाहेर येणारी नळी काढून तिथे तोंड बंद करणारा प्लग बसवावा, गरम पाण्याचा नळ बंद ठेवून फक्त थंड पाण्याचा सोडावा आणि तासभर भिंत पाहावी. ओल वाढली नाही, तर पुष्कळदा दोष आर्मच्या थ्रेडवरच्या टेफ्लॉन टेपचा निघतो आणि भिंत फोडावी लागतच नाही. फोडावी लागलीच, तर ओलीच्या डागावर छिन्नी मारू नये, कारण जांभा सच्छिद्र असल्याने पाणी जॉइंटपासून दूरवर पसरते. मी एल्बोच्या, म्हणजे पाइप वळतो त्या काटकोनी जोडाच्या जागेपासून सुरुवात करतो.

दुसरी चूक घाईची आहे, आणि नव्याने काम शिकणाऱ्या मुलांमध्ये ती मला सर्वाधिक दिसते. पाइपात पाणी ठिबकत असतानाच पाइप चिकटवायचे सोल्युशन लावायचे, जॉइंट दाबायचा आणि चहा होतो न होतो तोच पाणी सोडायचे. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकचा पाइप सरळ काटकोनात कापून, कडेची बर, म्हणजे कापताना उरलेले कंगोरे काढून, कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय मी सोल्युशनचा डबा उघडत नाही. पाइप पाव फेरा फिरवत बसवून अर्धा मिनिट धरून ठेवावा. डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या हवेचा समजावा; आपल्याकडच्या दमट दिवसांत मी पूर्ण एक दिवस थांबतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरले तरी.

यूपीव्हीसीचे, म्हणजे फक्त थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचे सोल्युशन सीपीव्हीसीला वापरू नये. सीपीव्हीसीच्या थ्रेडवर सफेदा आणि सुतळी नको, फक्त टेफ्लॉन टेप. शॉवरच्या तोंडाशी पितळी थ्रेडचाच एल्बो घालावा, कारण प्लास्टिकचा थ्रेड पाना जरा जास्त आवळला की चिरतो. टाइलच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून गळती थांबत नाही, ती फक्त दुसरीकडून बाहेर येते.

गिलावा करण्यापूर्वी दाबाची चाचणी घ्यावीच. टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार भरतो. तेवढ्यावर टिकलेला जॉइंट पुढे प्रेशर पंप बसवला की दगा देऊ शकतो. म्हणून मी हाताने चालवायचा टेस्टिंग पंप लावतो आणि काटा रात्रभर हलला नाही तरच गवंड्याला बोलावतो. जुन्या टाइलचा जोड मिळत नसेल, तर पाइपासाठी फोडलेल्या उभ्या पट्ट्यात वेगळ्या रंगाची टाइल सरळ लावावी. ती वाईट दिसत नाही, आणि पुढच्या प्लंबरला पाइप कुठून गेला आहे ते आयतेच कळते.