गेमच्या दुकानातील रिव्ह्यू कसे वाचावेत आणि कसे लिहावेत

नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की गोव्यात कोणते नाटक पहिले आले याच्याइतकीच परीक्षक कोण होते याची चौकशी होते. गेम विकत घेताना मात्र ही चौकस वृत्ती आपण बाजूला ठेवतो. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ ही निळी अक्षरे दिसली की यूपीआयचा पिन टाकून मोकळे होतो, आणि गेम पसंत पडला नाही की रिव्ह्यू खोटे होते असे म्हणतो. बहुतेक वेळा ते खोटे नसतात. त्यांनी ज्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते तो आपला प्रश्न नसतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणासाठी मत दिले हे पाहण्याची रीत येथे सांगतो. स्वतः अभिप्राय लिहिताना काय पाळावे तेही शेवटी येईल.

टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत

स्टीमवर ग्राहकांचे अभिप्राय नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाले. त्यात खेळाडूला एकच गोष्ट ठरवायची असते: या गेमची शिफारस करायची की नाही. त्यामुळे पानावर दिसणारे ८४ टक्के हे शंभरपैकी ८४ गुण नसून शंभर मतदारांपैकी चौऱ्याऐंशी जणांचा होकार असतो. शंभर जणांना ‘ठीक आहे, वेळ बरा जातो’ एवढेच वाटले तरी तो गेम १०० टक्क्यांवर जातो, आणि ऐंशी जणांना जन्मभर लक्षात राहावा असा वाटलेला पण उरलेल्या वीस जणांना अजिबात न रुचलेला गेम ८० टक्क्यांवर थांबतो. नेमस्त गेमना ही पद्धत झुकते माप देते आणि वेगळा प्रयोग करणाऱ्याला मागे ठेवते, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे ७४ टक्क्यांचा एखादा विचित्र गेम निव्वळ आकड्यावरून वगळण्याची चूक होत नाही.

टक्केवारीच्या शेजारचा अभिप्रायांचा आकडा आधी वाचावा. दहापेक्षा कमी अभिप्राय असतील तर स्टीम शेरा देतच नाही. ‘व्हेरी पॉझिटिव्ह’साठी किमान ५० अभिप्राय आणि ८० टक्के होकार लागतो, ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’साठी ५०० अभिप्राय आणि ९५ टक्के. ७० ते ७९ टक्क्यांना ‘मोस्टली पॉझिटिव्ह’ आणि ४० ते ६९ या भल्या मोठ्या पट्ट्याला सरसकट ‘मिक्स्ड’ म्हटले जाते, म्हणजे ४१ आणि ६८ यांच्यात शेऱ्यापुरता काहीच भेद उरत नाही. लहान संख्येत एकेका मताचे वजन किती असते हे स्वतः मांडून पाहावे. बारा अभिप्रायांपैकी दहा होकारार्थी असतील तर ८३ टक्के होतात. त्यात दोन नकार वाढले की आकडा ७१ वर येतो आणि शेरा बदलतो. दोन मित्रांची नाराजी एवढ्यालाही पुरते. यादृच्छिक निवडीचे गणित लावले तरी ५० मतांच्या ८० टक्क्यांत सुमारे ११ अंकांची इकडेतिकडे शक्यता राहते आणि ५,००० मतांत ती साधारण एका अंकावर येते. शिवाय अभिप्राय लिहिणारे यादृच्छिकपणे निवडलेले नसतात. ज्याला फार आवडले किंवा ज्याचा फार संताप झाला तोच बहुधा लिहायला बसतो.

हाच दोष टाळण्यासाठी एपिक गेम्स स्टोअरने जून २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. तेथे दोन तासांहून अधिक खेळलेल्या खेळाडूंपैकी काहींना यादृच्छिकपणे निवडून ताऱ्यांत गुण विचारले जातात. टोळीने येऊन मते टाकण्याला त्यामुळे आळा बसतो, पण ‘का’ याचे उत्तर देणारा मजकूर हाती लागत नाही. माझ्या मते आकडा एपिकचा अधिक न्याय्य आहे आणि उपयोग स्टीमच्या मजकुराचा अधिक होतो. गेम दोन्हीकडे असेल तर दोन्ही पाने उघडायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

मतदारयादी तपासणे

स्टीमच्या एकूण शेऱ्यात प्रत्येक अभिप्राय मोजला जात नाही. गेम बनवणारे काही जण ‘की’, म्हणजे गेम खात्यात उघडून देणारे कोड, फुकट वाटून त्या बदल्यात स्तुती मिळवत, म्हणून सप्टेंबर २०१६ पासून स्टीमबाहेर मिळालेल्या ‘की’वर लिहिलेले अभिप्राय टक्केवारीतून वगळण्यात आले आणि २०१७ पासून फुकट मिळालेल्या प्रतींचे अभिप्रायही बाहेर ठेवले जाऊ लागले. हा नियम मला पटतो, पण त्याचा फटका कोणाला बसतो तेही पाहिले पाहिजे. लोकवर्गणीतून निर्मिती झालेल्या लहान गेमचे पहिले आणि सर्वांत जिव्हाळ्याचे खेळाडू वर्गणीदारच असतात, त्यांनी आधीच पैसे मोजलेले असतात, पण गेम त्यांना ‘की’च्या रूपाने मिळत असल्यामुळे त्यांचे मत हिशेबात येत नाही. त्यामुळे लहान स्टुडिओचा गेम पाहताना अभिप्रायांच्या विभागातील खरेदीच्या प्रकाराचा फिल्टर ‘सर्व’ असा करून वगळलेले अभिप्रायही वाचावेत.

प्रत्येक अभिप्रायासोबत एकूण खेळलेले तास आणि अभिप्राय लिहिताना झालेले तास असे दोन आकडे दिसतात. त्यांतील दुसरा महत्त्वाचा. ४० मिनिटांत दिलेला नकार गेम सुरूच होत नाही अशा तक्रारीसाठी ग्राह्य असतो, कथेच्या शेवटाबद्दल नव्हे. आठशे तास खेळून ‘वेळ वाया गेला’ लिहिणाऱ्याला हसण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण ऑनलाइन गेममधील ताजा बदल जुन्या खेळाडूलाच आधी जाणवतो. विनोदी एका ओळीचे अभिप्राय ऑगस्ट २०२४ पासून स्टीम मुळातच मागे ढकलते, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण उरलेले नाही.

आलेख उघडून पाहणे

मे २०१६ पासून एकूण शेऱ्यासोबत गेल्या ३० दिवसांचा वेगळा शेराही दिसतो आणि सप्टेंबर २०१७ पासून काळानुसार मतांचा आलेख मिळतो. दोन शेऱ्यांत तफावत दिसली की आलेख उघडावा, ज्या ठिकाणी नकारांचा लाल खांब अचानक लांब झाला आहे तेथे क्लिक करावे आणि त्या दिवसांतील दहाबारा अभिप्राय वाचावेत. कारण बहुधा पहिल्या पाचांतच सापडते.

‘नो मॅन्स स्काय’चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा आश्वासने पाळली नाहीत म्हणून त्यावर नकारांचा भडिमार झाला. त्यानंतर वर्षानुवर्षे मोफत अपडेट येत राहिले, आणि तरीही एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ होण्यास २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. आठ वर्षांपूर्वीच्या गेमला दिलेली मते आजच्या गेमच्या खात्यावर पडून होती. ते नकार त्या वेळी योग्यच होते, पण आज खरेदी करणाऱ्याने ३० दिवसांचा शेरा पाहायला हवा.

सगळे एकदम नकार देतात त्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात, आणि येथे आपली विवेकबुद्धी वापरावी लागते. २०१९ च्या आरंभी ‘मेट्रो एक्सोडस’ काही काळ फक्त एपिकवर विकला जाणार असे जाहीर झाल्यावर स्टीमवरील जुन्या मेट्रो गेमना नकार मिळाले. त्या गेममध्ये काहीही बिघडलेले नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने विषयाबाहेरच्या मतांची लाट ओळखून तो काळ टक्केवारीतून वगळण्याची पद्धत आणली, आणि एप्रिलमध्ये बॉर्डरलँड्स मालिकेवर ती वापरली. असे वगळले असल्यास शेऱ्याजवळ तारांकित खूण दिसते, आणि ती मते पुन्हा मोजून हवी असतील तर तशी सोय सेटिंगमध्ये आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागल्यावर ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ मोफत देण्यात आला आणि त्यावर स्तुतीचा पूर लोटला. ती लाट मात्र वाल्व्हने वगळली नाही. गेमशी संबंध नसलेला राग बाहेर आणि गेमशी संबंध नसलेली कृतज्ञता आत, हे तर्काला धरून नाही, असे मला वाटते.

याउलट मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ स्टीमवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनचे खाते जोडण्याची सक्ती जाहीर झाली तेव्हा काही दिवसांत दोन लाखांहून अधिक नकार पडले आणि सोनीने सक्ती मागे घेतली. ज्या देशांत प्लेस्टेशनचे खाते अधिकृतपणे उघडताच येत नाही तेथील खेळाडूंचा विकत घेतलेला गेम हातचा जाणार होता, म्हणजे ती तक्रार गेमबद्दलचीच होती. तेव्हा लाट दिसली की एकच प्रश्न विचारावा: ज्या कारणासाठी हे लोक रागावले आहेत त्याने माझे खेळणे बदलणार आहे का?

आपल्या जागेवरून वाचणे

ऑगस्ट २०२५ पासून पुरेसे अभिप्राय असलेल्या गेमसाठी स्टीम भाषेनुसार वेगवेगळी टक्केवारी दाखवते. त्याचे महत्त्व पुढच्याच महिन्यात ‘हॉलो नाइट सिल्कसाँग’ने पटवून दिले: इंग्रजीत त्याची वाहवा होत असताना चिनी भाषांतर जमले नाही म्हणून चिनी खेळाडूंचे नकार जमा होत होते. आपल्याला याचा थेट उपयोग थोडा आहे, कारण गोव्यातील खेळाडू बहुधा इंग्रजीतच लिहितो आणि त्याचे मत अमेरिका व ब्रिटनच्या मतांत मिसळून जाते. म्हणून अभिप्रायांत मुंबईचा सर्व्हर, पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ) किंवा भारत हे शब्द दिसतात का ते पाहत जावे. ऑनलाइन गेममध्ये जवळचा सर्व्हर सिंगापूरला असला तर न्यूयॉर्कच्या माणसाचे ‘अतिशय सुरळीत चालतो’ हे वाक्य खरे असूनही आपल्या कामाचे नसते. तसेच एकट्याने खेळायच्या गेमला सतत इंटरनेट लागते का हे पाहावे. ज्याच्याकडे जूनपासून वीज आणि नेट दोन्ही लपंडाव खेळतात त्या वाळपईकडच्या मुलाला ही एक ओळ इतर साऱ्या स्तुतीपेक्षा मोलाची ठरते.

इतके करूनही अंदाज चुकलाच तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना स्टीमकडे परतावा मागता येतो. त्यातील पहिला तास सेटिंग आणि ओळख करून देण्यात जातो, म्हणून जी शंका असेल तीच आधी तपासून घ्यावी.

लिहिताना

माझा पहिला नकारार्थी अभिप्राय अन्यायाचा होता. फोंड्यात ऐन पावसात एक शर्यतीचा गेम सारखा तुटत होता म्हणून मी त्याला अंगठा खाली दिला आणि सर्व्हरच्या नावाने बरेच काही लिहिले. पुढे कळले की दोष माझ्या जुन्या राउटरचा होता. तेव्हापासून अभिप्रायाच्या पहिल्या ओळीत मी संगणकाची क्षमता, नेटची जोडणी आणि वर्षाचा कोणता काळ हे लिहितो. वाचणाऱ्याला माझा दोष आणि गेमचा दोष वेगळा काढता आला पाहिजे.

शिफारस करताना कोणासाठी हे लिहावे आणि नकार देताना कोणत्या अटीवर मत बदलेल ते लिहावे. गेम बनवणारा ओळखीचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. गोवा एवढासा आहे की कोणी ना कोणी कोणाच्या मावशीचा मुलगा निघतोच, आणि न सांगितलेली ओळख पुढे त्या मुलालाच महागात पडते. स्वतःच्या गेमला मत देणे किंवा काही देऊन मत मिळवणे स्टीमच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानकही प्रसिद्ध केले आहे, पण ते ऐच्छिक असल्यामुळे त्यावर फार विसंबता येत नाही. विकत घेतलेले अभिप्राय दिसल्यास त्यांच्याखालील तक्रारीचे बटण वापरावे. पैसेच अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

मोठे अपडेट आले की जुना अभिप्राय उघडून दुरुस्त करावा. स्टीम तशी मुभा देते. त्या शर्यतीच्या गेमचा माझा अंगठा मी नवा राउटर आल्यावर वर केला, आणि आधी काय लिहिले होते तेही खाली तारखेसह तसेच ठेवले.