मूल उशिरा बोलतंय आणि शाळा बघायचीय? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की नर्सरी-केजीच्या अ‍ॅडमिशनचे फॉर्म निघायला लागतात आणि ज्यांची मुलं अजून नीट बोलत नाहीयेत अशा आईबाबांचे फोन सुरू होतात. शाळेत सांगायचं का, मराठी मिडियम घेऊ का, स्पेशल स्कूलच बघू का, एक वर्ष थांबू का. माझ्या मुलासाठी मी या सगळ्यातून गेलेय, तो आता तिसरीत आहे, आणि नंतर बऱ्याच पालकांसोबत शाळेत जाऊन बसलेय, त्यामुळे त्याच त्या चुका परत परत बघायला मिळतात. बहुतेक सगळ्यांचं मूळ एकच, मूल बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं शाळा धरून चालते आणि आपण ते तिथल्या तिथे खोडून काढत नाही.

कानांची तपासणी न करता शाळा शोधायला लागणं

"हाक मारली की वळतो हो, चिप्सचं पाकीट वाजलं तरी धावत येतो," हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. पण काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असं असू शकतं, सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी शब्द पुसट ऐकू येतात आणि मग मूल अर्धवट बोलतं. आधी ऑडिओलॉजिस्टकडे जा, लागली तर बेरा टेस्ट करा (मुलाने काही उत्तर न देताही त्याला ऐकू येतं का ते मशीनवर कळतं). मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटलला वाक् आणि श्रवण विभाग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र) कुठे आहे ते विचारा, २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं येतात आणि अंगणवाडीत तपासणीला येणारं पथकही त्याच कार्यक्रमाचं असतं. कानांचा रिपोर्ट हातात नसताना शाळेशी बोलायला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

"स्पीच डिले" एवढंच लिहिलेला रिपोर्ट घेऊन जाणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलाला समजतं किती आणि बोलता येतं किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्पीच थेरपिस्ट त्या वेगवेगळ्या तपासतात. रिपोर्टमध्ये दोन्ही वेगळे लिहून मागा. तीन वर्षं दहा महिन्यांच्या मुलाची समज वयाला साजेशी आहे पण बोलणं दोन वर्षांच्या मुलाइतकं आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मुख्याध्यापक बाई वेगळ्या नजरेने बघतात. नुसतं "डिले" लिहिलं की त्यांच्या डोक्यात सगळाच डिले होतो.

आम्ही शाळा बघायला गेलो तेव्हाचं सांगते. बाईंनी विचारलं, व्हॉट कलर इज धिस? माझा मुलगा गप्प. परत विचारलं, परत गप्प, आणि बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली. मी म्हटलं, मॅडम, एकदा असं विचारून बघा, लाल ठोकळा पिवळ्या ठोकळ्याच्या खाली ठेव. त्याने बरोब्बर ठेवला. मग निळा डब्यात टाक आणि झाकण लाव, तेही केलं. बाईंनी ती खूण खोडली नाही पण शेजारी दोन ओळी लिहिल्या, आणि पुढची सगळी चर्चा त्या दोन ओळींवर झाली. म्हणून आधी थेरपिस्टला विचारून ठेवा की माझ्या मुलाची समज दाखवायची तर त्याला काय करायला सांगायचं, आणि घरी तो दोन-तीन टप्प्यांची सूचना पाळतोय असा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा.

आयक्यू टेस्टचंही तेच. बिने-कामत चाचणीत बरेचसे प्रश्न तोंडी उत्तराचे असतात, न बोलणाऱ्या मुलाचा आकडा त्यात खाली जाणारच. सायकॉलॉजिस्टना आधीच सांगा की बोलावं लागणार नाही अशी चाचणीही घ्या, ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचा सेग्विन फॉर्म बोर्ड आहे, जरा मोठ्या मुलांना रेव्हनची चित्रांची चाचणी आहे. आणि रिपोर्टमध्ये कुठली चाचणी वापरली, तिच्यात बोलण्याचा भाग किती होता हे लिहून घ्या. एका चुकीच्या आकड्यावर मूल मतिमंद मुलांच्या शाळेत जाऊन बसलेलं मी पाहिलंय आणि तिथून परत आणायला त्या आईला फार झगडावं लागलं.

शाळेपासून लपवणं

भीती कळते, सांगितलं तर अ‍ॅडमिशन देणार नाहीत. पण पहिल्या आठवड्यात कळणारच आहे, आणि तेव्हा "पालकांनी माहिती दडवली" हे वाक्य शाळेच्या हातात जातं. त्यापेक्षा आधीच सांगा, मात्र काय सांगायचं ते ठरवून जा. "तो बोलत नाही" इथून सुरुवात करू नका. त्याला काय येतं, तो गरज कशी सांगतो, चिडतो कधी आणि शांत कसा होतो, हे एका पानावर मराठीत किंवा इंग्रजीत टाईप करून द्या, वर्गशिक्षिका ते पान वाचतात, जाडजूड फाईल कुणी वाचत नाही.

घरातली मराठी बंद करणं

"घरी पण इंग्लिशच बोला, दोन भाषांमुळे गोंधळतोय," हे अजूनही कितीतरी शाळांतून सांगितलं जातं, काही डॉक्टरसुद्धा सांगतात. दोन भाषा कानावर पडल्याने स्पीच डिले होत नाही. आणि आजी-आजोबा, मावशी, शेजारच्या काकू सगळे मराठीत बोलणारे असताना आईने अचानक मोडक्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली की मुलाशी होणारं मनापासूनचं बोलणंच कमी होतं, ज्याची त्याला सगळ्यात जास्त गरज आहे. घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला. मिडियम निवडताना बघा की घरी कुठल्या भाषेत त्याला मदत करता येईल, वर्गात मुलं किती आणि शिक्षिका थांबून ऐकणाऱ्या आहेत का. माझं स्वतःचं मत विचाराल तर घरी मराठी असेल आणि पंचवीस-तीस मुलांचा मराठी शाळेचा वर्ग मिळत असेल तर साठ जणांच्या इंग्लिश वर्गापेक्षा तो कधीही घ्यावा, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू देत.

एक वर्ष थांबवणं, नाहीतर एकदम स्पेशल स्कूल

दोन्ही टोकं. बाबा पण उशिरा बोलले होते, जिभेखालची तार कापू मग बोलेल, असं करत वर्ष जातं. दोन वर्षांच्या मुलाने साधारण दोन-दोन शब्द जोडायला हवेत, "आई ये", "दूध दे" असं, ते नसेल तर शाळेची वाट न बघता थेरपी सुरू करायची. शाळाही थांबवू नका, बरोबरीची बोलकी मुलं आजूबाजूला असणं याचा फायदाच होतो.

दुसरीकडे, ज्याला नीट ऐकू येतं त्याला मूकबधिर शाळेत घालणं चूकच. स्पेशल स्कूल वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, ऐकू न येणाऱ्या किंवा जास्त मदत लागणाऱ्या मुलांसाठी तिथे जे प्रशिक्षण मिळतं ते साध्या शाळेत मिळत नाही. पण ते मुलाची गरज बघून ठरायला हवं, साधी शाळा नको म्हणाली म्हणून नाही.

दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट नाही म्हणून हक्कच नाही असं समजणं

इथे खूप गोंधळ आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वही आहे, पण त्याच्या व्याख्येत कायमस्वरूपी दोष लागतो, म्हणजे नुसता स्पीच डिले असलेल्या लहान मुलाला ते सर्टिफिकेट बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून काही पालक हताश होतात. आणि सर्टिफिकेट असेल तर त्यावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं ते ठराविक गोष्टींसाठी, उदाहरणार्थ कलम ३१ खालचं ६ ते १८ वर्षांचं मोफत शिक्षण. कलम १६, जे सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायला सांगतं, त्यात ४० टक्क्यांची अट नाही.

शिवाय आरटीई २००९, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आहेच. कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही, घेतली तर पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हे पहिलीपासूनचं धरून चाला, नर्सरी-प्लेग्रुपला ते तितकं चालत नाही आणि अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही, तिथे दिव्यांग कायद्याचा आधार घ्यायचा. नर्सरीच्या टप्प्यावर कायद्याची भाषा न काढता समजावून सांगण्यानेच जास्त काम होतं असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, शाळेकडे आयईपी (त्या मुलापुरता लेखी शिक्षण-आराखडा) माग, द्यावाच लागतो त्यांना. तिकडे तो वेगळा कायदा आहे, सरकारी शाळेने तीन वर्षांपासून फुकट तपासणी करून तसा आराखडा द्यायचा असतो. इकडे तसाच्या तसा हक्क नाही, त्यामुळे त्या शब्दावर अडून बसू नका, हव्या त्या सोयी नावानिशी मागा.

तोंडी आश्वासनावर घरी येणं

"काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ." हे ऐकून सगळे खूश होतात, आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलते किंवा तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. काय हवंय ते पत्रात लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पत्र भांडणाचं नको, अगदी साधं, असं काहीतरी:

"मा. मुख्याध्यापिका, आमच्या मुलाला समजतं पण बोलायला वेळ लागतो. त्याच्यासाठी वर्गात पुढील सोयी कराव्यात ही विनंती. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबावे. उत्तर बोट दाखवून किंवा चित्र दाखवून दिलेले चालावे. पाणी आणि शौचालय यांची चित्रे आयकार्डच्या मागे लावली आहेत, ती दाखवल्यास जाऊ द्यावे. चुकीचा उच्चार वर्गासमोर सुधारू नये, बाईंनी तोच शब्द बरोबर बोलून पुढे जावे. मंगळवारी थेरपीसाठी शेवटचा तास सोडण्याची परवानगी मिळावी."

ते पाण्या-शौचालयाचं कार्ड छोटी गोष्ट वाटेल पण त्यावाचून किती मुलांची चड्डी वर्गात ओली होते आणि मग शाळा म्हणते "अजून तयार नाहीये तो".

तोंडी परीक्षेवरून वाद झाला तर राज्य मंडळाच्या शाळेत आकारिक मूल्यमापनाचा (वर्षभर रोजच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाचा) मुद्दा काढा. त्यात तोंडी काम हे अनेक साधनांपैकी एक आहे, दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, कृती, प्रकल्प, वर्गकार्य ही पण साधनंच आहेत, म्हणजे न बोलता मार्क द्यायची सोय बाईंच्या हातात आधीपासूनच आहे. बऱ्याच शिक्षिकांना हे दाखवलं की त्यांनाच हायसं वाटतं. गॅदरिंगलाही बघा, कविता म्हणायला जमणार नाही म्हणून स्टेजवरूनच काढू नका म्हणावं, नाचात घ्या.

शॅडो टीचरचं पण लगेच कबूल करू नका. शाळा म्हणते तुमच्या खर्चाने माणूस बसवा तरच घेऊ. ज्याला फक्त बोलायला वेळ लागतो त्याच्या शेजारी दिवसभर मोठं माणूस बसलं की बाकीची मुलं त्या माणसाशीच बोलतात, याच्याशी नाही. आधी वरच्या सोयी करून एक सत्र बघू असं लेखी सुचवा. शाळेत स्पेशल एज्युकेटर आहेत का विचारा, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे प्राथमिकला १० आणि पुढे १५ जणांना एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांसाठी समग्र शिक्षामधले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतात, मुख्याध्यापकांना सांगून त्यांची भेट मागता येते.

"दाखला काढून घ्या" म्हटल्यावर अर्जावर सही करणं

हे नीट लक्षात ठेवा. शाळा स्वतःहून काढल्याचं कधी लिहीत नाही, ती तुम्हाला अर्ज द्यायला सांगते, "घरगुती कारणास्तव दाखला मिळावा". तुम्ही सही केली की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात, नंतर तक्रार करायला जागाच राहत नाही. आरटीईच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्यामुळे "तुमचं म्हणणं लेखी द्या, घरी विचार करून कळवतो" एवढंच म्हणा आणि निघा. लेखी दिलं नाही तर त्याच दिवशी काय बोलणं झालं ते तारखेसकट ईमेल करा.

तक्रार करायची वेळ आलीच तर आधी संस्थेचे चालक, मग तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी प्राथमिक, महापालिका हद्दीत महापालिकेचं शिक्षण खातं. त्यापुढे पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त आणि मुंबईतला राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. प्रत्येक ठिकाणी मागच्या पत्राची पोच जोडा, पायऱ्या गाळून थेट वर गेलात तर अर्ज बहुधा खालीच पाठवतात.

आणि सगळं करूनही मूल रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडत असेल, वर्गात कुणी त्याच्याशी बोलत नसेल, तर शाळा बदलायला कमीपणा मानू नका. तेव्हा अर्ज तुमच्या मर्जीने आणि खरं कारण लिहून द्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आरटीईच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. रिपोर्टच्या प्रती मात्र स्वतःच्या हाताने नेऊन द्या, जुन्या शाळेकडून त्या पुढे जातीलच याचा काही भरवसा नसतो.