ओला डायपर आणि भरलेले मूत्राशय

वेदना उसळण्याची वाट न पाहता मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच सांगितले आहे. अधूनमधून लागणारा जादा डोस साधारणपणे दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या भागाइतका असतो आणि मॉर्फिनबरोबर रेचकही सुरू करायचे असते. घरी जाऊन मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करू पाहणाऱ्यांना एवढे ठाऊक असेलच. मलाही ठाऊक होते, तरीही पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका रुग्णाची रात्र वाया गेली.

आजोबा शेवटच्या काही दिवसांत होते. रात्री ते कण्हू लागले, गुडघे पोटाशी घेऊ लागले, चादर चिमटीत धरून ओढू लागले. मी वेदना असे समजून जादा डोस दिला, तासाभराने पुन्हा दिला आणि अखेरीस डॉक्टरांना फोन करून मूळ मात्राही वाढवून घेतली. लघवीविषयी मी विचारले नव्हते असे नाही. सूनबाई म्हणाल्या, ‘‘पाणीच पोटात जात नाही, मग होणार कुठून? डायपर मात्र ओला आहे.’’ मी वहीत ‘लघवी होते’ असे लिहून मोकळी झाले.

सकाळी आलेल्या ज्येष्ठ परिचारिकेने वही उघडण्याआधी ओटीपोटावर हात ठेवला. तिथे नारळासारखा घट्ट गोळा लागत होता. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर पिशवीत 900 मिलिलिटर लघवी उतरली आणि आजोबांची मूठ आपोआप सुटली.

हे फोड करून सांगते, कारण इथेच बहुतेक जण फसतात. मूत्राशय तुडुंब भरले की त्यातून थेंब थेंब गळत राहते, त्यामुळे डायपर ओला दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. मॉर्फिनमुळे लघवी तुंबू शकते, घशातील घरघर कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लायकोपायरोलेटनेही तुंबू शकते, आणि आत साचलेल्या मळाचा दाब पडला तरी तुंबते. म्हणजे अस्वस्थता पाहून मी वाढवत होते तेच औषध अस्वस्थतेच्या मुळाशी असू शकत होते. तेव्हा बेचैन रुग्णाला पुढचा डोस देण्यापूर्वी ओटीपोट चाचपा, शेवटचे शौच कधी झाले ते तारखेनिशी विचारा, कूस बदलून पाहा. फोनवरून रुग्णाची अवस्था ठरवण्याची जी सवय हल्ली बोकाळली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. आणि जी ज्येष्ठ परिचारिका तक्ते उत्तम भरते पण रुग्णाला हात लावत नाही, तिच्या हाताखाली सहा महिने काढण्यापेक्षा दुसरीकडे शिका.

घरघरीला मात्र घाबरू नका. तो आवाज नातेवाइकांना असह्य होतो, रुग्णाला बहुधा त्याची जाणीव नसते. कुशीवर वळवून डोके किंचित उंच ठेवले की पुष्कळदा पुरते. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणे, गुडघ्यांवर निळसर जाळी उमटणे, ही लक्षणे घरच्यांना आधीच समजावून ठेवली तर मध्यरात्रीचे निम्मे फोन टळतात.

मृत्यूनंतर उरलेले मॉर्फिन घरातल्या एखाद्या व्यक्तीसमोर मोजा, आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. घरात कितीही रडारड चालू असली तरी हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका. मी एकदा टाकले होते, आणि दुसऱ्या दिवशी बाटली सापडली नाही.