बैजिक राशीतली पदं चिन्हासकट कशी ओळखावीत

ही राशी वहीत उतरवून घ्या: ५क्ष² − ३क्षय + य/४ − क्ष + ८ (क्षय म्हणजे क्ष × य)

आधी पदं, म्हणजे राशीत बेरजेने जोडलेले तुकडे, वेगळी करायची. बहुतेक चुका इथेच होतात आणि पुढे सहगुणकापासून (पदातल्या अक्षराला गुणणाऱ्या भागापासून) बेरीज-वजाबाकीपर्यंत सगळीकडे पसरतात. ‘अधिक-उणे दिसलं की तोडा’ हा सल्ला अर्धवट आहे, कारण तोडल्यावर चिन्ह कोणाकडे जातं ते त्यात येतच नाही. चिन्ह त्याच्या उजवीकडच्या पदाचं असतं. म्हणून पेन्सिलीची उभी रेघ चिन्हाच्या डावीकडे मारा, उजवीकडे कधीच नाही. इथे पाच पदं मिळतात: ५क्ष², −३क्षय, य/४, −क्ष, ८.

राशी म्हणजे पदांची बेरीज, त्यामुळे पडताळाही सोपा आहे. क्ष = २, य = ४ ठेवा. मूळ राशीची किंमत ३ येते. या पाच पदांची बेरीज २० − २४ + १ − २ + ८, म्हणजे ३च. उणे चिन्हं गाळून पदं लिहिली असतील तर बेरीज थेट ५५ होते. चूक तिथल्या तिथे सापडते.

कंसाच्या आतलं चिन्ह पदं तोडत नाही. २(क्ष + ३) − ५ मध्ये, आहे त्या रूपात, दोनच पदं आहेत. कंस सोडवला की २क्ष + ६ − ५ अशी तीन होतात. त्यामुळे पदं मोजण्याआधी कंस सोडवायचा आहे का, ते प्रश्नात नीट वाचा. अपूर्णांकाची आडवी रेघही कंसासारखंच काम करते: (क्ष + ३)/२ हे एकच पद. ४ × (−३)क्ष मधला उणे गुणाकारातला आहे, तिथे रेघ मारू नका.

सहगुणक चिन्हासकटच लिहायचा. −क्ष चा सहगुणक −१, य/४ चा १/४. −३क्षय मध्ये क्षय चा सहगुणक −३ आहे, पण नुसत्या क्ष चा विचारला तर उत्तर −३य.

क्ष आणि य हे चल, म्हणजे त्यांची किंमत बदलू शकते; ८ हे स्थिर पद. मात्र ‘आकडा म्हणजे स्थिर, अक्षर म्हणजे चल’ असं मुलांना शिकवू नका: ५क्ष² मधला ५ हा सहगुणक आहे, आणि वर्तुळाच्या सूत्रातला पाय (π) चिन्हाने लिहिला तरी स्थिरच.

सरूप पदं ठरवताना सहगुणक झाका. चल आणि त्यांचे घातांक तंतोतंत जुळले पाहिजेत. ५क्ष² आणि −क्ष सरूप नाहीत. क्षय आणि यक्ष आहेत.