कोविडनंतर रेंगाळणारा मेंदूचा थकवा कसा हाताळावा

कोविडमधून बरे झाल्यावरही ज्यांना बोलताना शब्द आठवत नाहीत किंवा एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, त्यांनी रोजच्या नोंदींसाठी एक वही सुरू करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील व्याख्येनुसार, दीर्घ कोविडची (म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या अशा त्रासाची) लक्षणे सहसा संसर्गापासून तीन महिन्यांनी आढळतात, किमान दोन महिने टिकतात आणि त्यांचा उलगडा दुसऱ्या निदानाने होत नाही. यातील शेवटची अट सर्रास विसरली जाते. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय किंवा अपुरी झोप यांमुळेही असाच विसराळूपणा येतो, म्हणून त्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. मेंदूचा एमआरआय मात्र पुष्कळदा सामान्य येतो. त्यावरून त्रास काल्पनिक ठरत नाही.

वहीत झोप, लक्षणे आणि दिवसभराचे श्रम लिहावेत. वाचन, बैठक आणि फोनवरचे लांबलेले बोलणे हेही श्रमच आहेत. श्रमानंतरची घसरण, म्हणजे लक्षणे बळावणे, अनेकदा १२ ते ४८ तासांनी येत असल्यामुळे मंगळवारच्या बैठकीचा फटका गुरुवारी बसतो आणि नोंद नसेल, तर दोष गुरुवारच्या कामाला दिला जातो. दोन-तीन आठवड्यांत आपली मर्यादा दिसू लागली की तिच्या जरा आतच राहावे, कठीण काम छोट्या तुकड्यांत करावे आणि दमण्यापूर्वीच थांबावे. अशी घसरण होणाऱ्याला ‘व्यायाम वाढवत न्या’ हा सल्ला, कितीही सद्हेतूने दिलेला असला तरी, अपायकारक ठरू शकतो.

उभे राहताच चक्कर किंवा धडधड होत असेल, तर कोणाला तरी जवळ ठेवून आडवे असतानाची नाडी मोजावी आणि मग दहा मिनिटे उभे राहून अधूनमधून पुन्हा मोजावी. प्रौढांत ती मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत; अशा त्रासावर सुचवला जाणारा मीठ वाढवण्याचा उपाय स्वतःहून, विशेषतः उच्च रक्तदाब असताना, करू नये.

वास गेला असल्यास गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे गंध दिवसातून दोनदा, प्रत्येकी सुमारे २० सेकंद, किमान तीन महिने लक्षपूर्वक घ्यावेत.

अचानक चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, आकडी (फिट) येणे किंवा पायांतून वर चढत जाणारी कमजोरी यांपैकी काहीही दिसल्यास वहीत नोंद करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.