ईमेलमधला तक्ता समोर विस्कटतो तेव्हा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं कोटेशन ईमेलमध्ये लिहिलं: कास्टिंगचं (ओतीव भागाचं) नाव, वजन, नग, दर. लिहिताना रकाने ओळंबा लावल्यासारखे सरळ, पण ग्राहकाच्या मोबाइलवर दर जाऊन बसतो वजनाच्या खाली. रकाने स्पेसबार दाबून जुळवले की हे होणारच. प्रत्येक फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी वेगळी असते, देवनागरीत तर जोडाक्षरांमुळे जास्तच, आणि कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचं हे शेवटी समोरचा प्रोग्रॅम ठरवतो.

जीमेलमध्ये तक्ता घालायचं बटण नाही. म्हणून तक्ता एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये करा, तेवढाच भाग कॉपी करून मेलमध्ये पेस्ट करा. खरा तक्ता जातो. रकाने चारच्या पुढे नेऊ नका, मोबाइलवर मावत नाहीत. त्याहून मोठा असेल तर पीडीएफ जोडा, पण एकूण रक्कम आणि दराची मुदत मेलमध्ये साध्या वाक्यात लिहाच. बदललेला दर नुसता लाल करून भागत नाही. रंग उडाला तर कळणार कसं? शेजारी ‘सुधारित’ असं लिहा.

मराठी मजकुरात सगळ्यात मोठा घोटाळा जुन्या फॉन्टचा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप झालेला मजकूर तसाच पेस्ट केला, तर तो फॉन्ट नसलेल्या माणसाला रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा दिसतो. या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणा आणि मग एकदा डोळ्यांखालून घाला. ‘शिरोली’तली पहिली वेलांटी आणि ‘मार्केट’मधला रफार नक्की तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून चुका तिथेच होतात.

वर्डमधून पेस्ट करताना कंट्रोल+शिफ्ट+व्ही वापरा. साध्या पेस्टने वर्डचा छुपा कोडही सोबत येतो आणि मेल फुगते. मेलचा मजकूर १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल ती मध्येच कापून पुढचा भाग एका लिंकमागे ठेवतं. जाड ठसा आणि साधी यादी बहुतेक ठिकाणी टिकते. व्हॉट्सॲपच्या सवयीने शब्दाभोवती टाकलेले तारे मात्र जीमेलमध्ये तारेच राहतात.

विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ पासून मेल दाखवायला वर्डचंच इंजिन वापरतं, त्यामुळे चौकटीच्या गोल कडा आणि पार्श्वभूमीचं चित्र तिथे सहसा दिसत नाही. त्याच आउटलुकमधून पाठवताना फाइल, ऑप्शन्स, मेल इथे जाऊन फॉरमॅट ‘एचटीएमएल’ ठेवा. ‘रिच टेक्स्ट’ राहिलं तर जीमेलवाल्या ग्राहकाला विनमेल डॉट डॅट नावाची न उघडणारी फाइल मिळू शकते, आणि तुमची जोडलेली पीडीएफ तिच्यातच अडकते.

पाठवण्याआधी मेल स्वतःला पाठवा आणि मोबाइलवर बघा. मग संगणकावर जीमेलमध्ये तीच मेल फॉरवर्डला घेऊन खालच्या तीन टिंबांतून ‘प्लेन टेक्स्ट मोड’ निवडा. कोणता दर कोणत्या कास्टिंगचा, हे आता नुसत्या मजकुरावरून कळतंय का ते वाचून पाहा. मूळ मसुद्यावर हा प्रयोग करू नका. गेलेलं फॉरमॅटिंग परत येत नाही.