बर्बनच्या बाटलीवरचं वय कसं वाचावं

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणारी अमेरिकी व्हिस्की. लेबलवरचा वयाचा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो, सरासरीचा नव्हे. 'स्ट्रेट' म्हणजे किमान 2 वर्षं पिंपात. स्ट्रेट बर्बन 4 वर्षांपेक्षा कमी मुरलेली असेल, तर वय छापणं अमेरिकी कायद्यानं सक्तीचं आहे. म्हणून 'स्ट्रेट' लिहिलंय आणि वय नाही, तर निदान 4 वर्षं धरा. 'बॉटल्ड इन बाँड' म्हणजे किमान 4 वर्षं आणि नेमकं 50 टक्के अल्कोहोल. पहिल्या खरेदीला आम्ही हीच सुचवू.

जास्त वय म्हणजे जास्त चांगली, हा स्कॉचचा हिशेब इथे लावू नका. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरते. लाकडाची चव तिच्यात लवकर उतरते आणि फार वर्षं ठेवली की तुरट, कडवट होते. 6 ते 10 वर्षं बहुतेकांना पुरे.

नागपुरात परवानाधारक दुकानातूनच घ्या. वय 25 पूर्ण हवं, शिवाय पिण्याचा परवाना. एक दिवसाचा दुकानातच मिळतो. सील आणि आयातदाराचं लेबल तपासा. बाटली गाडीत ठेवून वर्धा किंवा गडचिरोलीला निघू नका, तिथे दारूबंदी आहे. घरी उभी ठेवा, मे महिन्यात तर खिडकीपासून लांबच.